दिव्यांग विद्यार्थी वर्गात येणार आहे: नव्या प्राध्यापकासाठी सत्रभराची तयारी

विभागप्रमुख जाता जाता सांगतात, “यंदा तुमच्या वर्गात एक अंध मुलगा आहे, जरा बघा हं.” जरा बघा म्हणजे नेमकं काय करा, हे कोणी सांगत नाही. नव्यानं रुजू झालेला प्राध्यापक मग आपल्या चांगुलपणावर भिस्त ठेवून सुरुवात करतो. पहिले काही आठवडे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. मग चाचणी जाहीर होते आणि कळतं की लेखनिक ठरलेला नाही, दिलेल्या नोट्स त्या मुलाला वाचताच येत नव्हत्या, आणि इतके दिवस तो मित्राकडून फोनवर वाचून घेत होता.

हा लेख अशा नव्या माणसासाठी आहे. तो शिकवणारा असेल, विभागाचा समन्वयक असेल किंवा दिव्यांग विद्यार्थी कक्षात नुकताच नेमलेला कर्मचारी असेल. सोय सरळ नाकारली जाण्यापेक्षा ती उशिरा मिळण्याचे प्रकार मी कितीतरी जास्त पाहिले आहेत. पुस्तकाची वाचता येणारी प्रत वर्गात ते प्रकरण शिकवून संपल्यावर हाती आली, तर कागदोपत्री सोय झाली, विद्यार्थ्याचं मात्र नुकसानच झालं. म्हणून खालचं सगळं सत्राच्या क्रमानं सांगितलं आहे.

सत्राआधी: सगळ्यांना एकच प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे दर सहांमागे एकाला, लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे. विद्यापीठाच्या वर्गात नजर फिरवली तर हे प्रमाण दिसत नाही. अनेक जण तिथवर पोचतच नाहीत, हे एक कारण. शिवाय जे पोचतात त्यांतले बरेच जण पाहून ओळखू येत नाहीत. अपस्मार, एका कानानं कमी ऐकू येणं, डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण), संधिवात, नैराश्य, स्वमग्नता, यांतल्या कशाचीही खूण चेहऱ्यावर नसते.

म्हणून भर वर्गात “कोणी दिव्यांग आहे का?” असं विचारू नका. प्रवेशाच्या वेळी किंवा पहिल्या आठवड्यात सगळ्यांकडूनच एक छोटा अर्ज भरून घ्या आणि त्यात एक ओळ टाका: “वर्गात बसताना, वाचताना, ये-जा करताना किंवा परीक्षा देताना तुम्हाला कशाची सोय लागते का?” आजाराचं नाव विचारायचं नाही. प्रमाणपत्र कार्यालयाला लागतं, शिकवणाऱ्याला नाही. हिला पुढची जागा आणि चाचणीत जादा वेळ लागतो, एवढं तुम्हाला कळलं की पुरे. का लागतो ते तिनं आपणहून सांगितलं तर ऐका, आणि ऐकलेलं स्टाफरूममध्ये नेऊ नका.

पहिल्या फेरीत सगळे सांगत नाहीत. विशेषतः मानसिक आजार असलेली मुलं आधी तुमचा अंदाज घेतात. आधी कुठेतरी सांगून पस्तावलेली असतात. तेव्हा हाच प्रश्न पहिल्या तासाला तोंडी विचारा, आणि पहिल्या चाचणीच्या पंधरवडाभर आधी पुन्हा एकदा.

पहिली भेट

ज्यांनी काही लिहिलं आहे त्यांना एकेकट्यानं भेटा. अर्धा तास हाताशी ठेवा. सोबत वडील, बहीण किंवा मित्र आला असेल तर त्यांनाही बसू द्या, पण प्रश्न विद्यार्थ्यालाच विचारा. त्याच्यासमोर त्याच्या वडिलांना “याला काय काय लागतं?” असं विचारणं हा नेहमी घडणारा आणि फार जिव्हारी लागणारा प्रकार आहे. सांकेतिक भाषेचा दुभाषी बरोबर असला तरी तुमची नजर विद्यार्थ्याकडेच हवी.

सुरुवातीला सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे, “आधीच्या कॉलेजात काय जमून आलं होतं आणि कुठे अडलं होतं?” ज्यानं शाळेपासून हेच केलंय त्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त तोडगे असतात. मात्र ज्याची दृष्टी किंवा ऐकू येणं अलीकडेच गेलंय, त्याला स्वतःलाच काय लागेल याचा अंदाज नसतो. त्याला पर्याय दाखवावे लागतात आणि महिन्याभरानं पुन्हा विचारावं लागतं.

अंध म्हणजे ब्रेल आणि कर्णबधिर म्हणजे सांकेतिक भाषा, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. मोठेपणी दृष्टी गेलेले बरेच जण ब्रेल वाचत नाहीत, ते ऐकून शिकतात. ऐकू न येणाऱ्यांपैकी कोणी ओठ वाचतं, कोणाचं श्रवणयंत्रावर भागतं, तर कोणाची पहिली भाषाच सांकेतिक असते आणि पुस्तकातली मराठी ही त्याला मागाहून शिकावी लागलेली भाषा असते. अल्पदृष्टीचं आणखी वेगळं. एकाला अक्षर मोठं हवं असतं. दुसऱ्याला फक्त समोरचा, नळीतून पाहावा तसा लहानसा गोल दिसत असतो; त्याच्यासाठी अक्षर मोठं केलं की त्या गोलात जेमतेम एक शब्द मावतो आणि वाचन उलट मंदावतं. दोघांच्याही प्रमाणपत्रावर शब्द एकच असतो.

भेट संपताना दोघांनी मिळून एक पान लिहा. मोघम नको, असं हवं:

“पीपीटी आणि नोट्स तासाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ईमेलनं. फळ्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. चाचणी संगणकावर, वेगळ्या खोलीत, जादा वेळ धरून. तासाची खोली बदलली तर टाइप केलेला संदेश. नोटिशीचा फोटो नको.”

शेवटची ओळ बघा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकला की सगळ्यांना कळलं असं आपण धरून चालतो. पडद्यावरचं ऐकून फोन वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला तिथे फक्त ‘फोटो’ एवढंच ऐकू येतं, आणि तो जुन्या खोलीत एकटाच जाऊन बसतो.

हे पान कोणाकोणाला द्यायचं हे विद्यार्थी ठरवेल, पोचवायचं काम मात्र कार्यालयाचं. नाहीतर दर सत्राला प्रत्येक प्राध्यापकाच्या दाराशी उभं राहून तीच कहाणी त्यानं पुन्हा पुन्हा सांगायची, असं होतं. एक-दोन वर्षांत तो सांगायचं सोडून देतो आणि मग आपणच म्हणतो, “त्यानं कधी काही मागितलंच नाही.”

एकदा चालून या

वेळापत्रक कायम होण्याआधी विद्यार्थ्यासोबत सगळी वाट प्रत्यक्ष चालून बघा. फाटकापासून वर्गापर्यंत, तिथून ग्रंथालय, प्रयोगशाळा, उपाहारगृह आणि स्वच्छतागृह. नकाशावर रॅम्प असतो, पण जाऊन बघावं तर त्याच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या असतात.

सोबत मोजायची टेप ठेवा. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, हा सर्वत्र वापरला जाणारा दंडक आहे. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीची एकच पायरी चढायला १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. तीन पायऱ्यांवर टाकलेली फळी म्हणजे घसरगुंडी. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी, आणि दारातून जायला किमान ८०, शक्यतो ९० सेंटिमीटर. स्वच्छतागृहाच्या दारावरची पाटी वाचून समाधान मानू नका, आत जाऊन बघा. बहुतेकदा कुलूप असतं, किल्ली कोणाकडे ते ठाऊक नसतं आणि आत बादल्या-खराटे ठेवलेले असतात. वापरता येण्याजोगं स्वच्छतागृह नसेल तर काही मुली दिवसभर पाणी पिणंच टाळतात. हे तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग आणि बंद लिफ्ट अशी जोडी निघाली तर वर्ग खाली आणा. चौघांनी व्हीलचेअरसकट उचलून वर नेण्यात मदतीचा भास आहे, पण एकाचा पाय सरकला तर काय होईल ते सांगायला नको, आणि रोज दोनदा स्वतःला उचलून घ्यायला लागणं कसं असतं तेही. वेळापत्रक लावणाऱ्याला सत्राआधी गाठलंत तर खोलीची अदलाबदल पाच मिनिटांत होते. सत्र लागल्यावर त्याच कामासाठी बैठक बोलवावी लागते.

वाचायचं साहित्य: इथे सगळ्यात जास्त वेळ जातो

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा मोफत स्क्रीन रीडर मायकल करन यानं २००६ साली सुरू केला आणि पुढे जेम्स टेह त्याच्या जोडीला आला. दोघेही ऑस्ट्रेलियातले, दोघेही अंध. एनव्हीडीए मराठीही वाचतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो. एकदा आपल्या फोनवर तो चालू करून, डोळे मिटून, आपलीच एखादी नोट ऐकून बघा. (आधी तो बंद कसा करायचा ते शिकून घ्या. तो चालू असताना फोनवरच्या बोटांच्या सगळ्या खुणा बदलतात आणि माणूस गांगरतो.)

आता तुमची एखादी पीडीएफ उघडा आणि त्यातली एक ओळ निवडून बघा.

ओळ निवडलीच जात नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. झेरॉक्सवरून स्कॅन केलेली प्रकरणं बहुतेक अशीच असतात, आणि स्क्रीन रीडरच्या लेखी ती कोरी पानं.

ओळ निवडली गेली तर ती कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इथे मराठीच्या वाट्याला आलेला खास त्रास दिसेल. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला संकेतांक देणारी पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर नोटपॅडमध्ये रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांचा गिचमिडकाला होऊन उतरतो. आपल्याला पडद्यावर सुबक देवनागरी दिसते, कारण त्या रोमन अक्षरांवर फॉन्टनं देवनागरीचं रूप चढवलेलं असतं. स्क्रीन रीडरला रूप दिसत नाही, तो खालची अक्षरं वाचतो. विभागाच्या संगणकावर वर्षानुवर्षं साठलेल्या नोट्स, जुने प्रश्नसंच, छापखान्यातून आलेल्या फायली यांत असा मजकूर भरपूर सापडतो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक मिळतात, मात्र बदललेला मजकूर एकदा वाचून काढावाच लागतो. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

फसवा प्रकार तिसरा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप केलेला, दिसायला निर्दोष, पण पीडीएफ केल्यावर आतून मोडलेला. नोटपॅडमध्ये चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकलेली, रफार भलत्या अक्षरावर, शब्दाच्या मध्येच जागा सुटलेली. यावर उपाय इतका सोपा आहे की तो कोणी करत नाही याचंच नवल वाटतं: पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइलही द्या.

वर्ड फाइल करताना शीर्षकाला नुसतं ठळक करू नका, ‘हेडिंग’ ही स्टाइल लावा. आपण पान उलटताना नजरेनं शीर्षकं टिपत जातो. स्क्रीन रीडर वापरणारा वेबपानावर एच ही कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि वर्डमध्येही तशी सोय असते. स्टाइल नसेल तर त्याला चाळीस पानं पहिल्या ओळीपासून ऐकत जावं लागतं.

चित्राखाली ‘आकृती ३’ एवढंच लिहून भागत नाही. चित्र काय सांगतं ते पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राला जोडलेल्या आणि स्क्रीन रीडर वाचून दाखवेल अशा वर्णनात, लिहा: “तापमान वाढतं तसा विकराच्या क्रियेचा वेग आधी वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर झपाट्यानं घसरतो.” गणिताची समीकरणं चित्र म्हणून चिकटवू नका, वर्डच्या समीकरण संपादकात लिहा. तक्त्यात घरं एकमेकांत मिसळू नका. पीपीटीत फिकट करड्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं हा प्रकार सोडून द्या. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला भेद किमान ४.५:१ सांगितला आहे, आणि तो मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. आलेखात ‘लाल रेघ’ आणि ‘हिरवी रेघ’ एवढ्यावर अवलंबून राहू नका, एक रेघ तुटक करा. लाल-हिरव्यात गल्लत होणारे विद्यार्थी, बहुधा मुलगे, तुमच्या वर्गात असू शकतात आणि ते सांगणार नाहीत.

ज्या पुस्तकाची वाचनीय प्रत मिळतच नाही, त्याचं काय? ते स्कॅन करून ओसीआरनं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं, मजकूर काढावा लागतो. मोफत मिळणारं टेसरॅक्ट मराठीही ओळखतं. पण निघालेला मजकूर कोणीतरी डोळ्यांखालून घालावाच लागतो, आणि तीनशे पानांना त्यात आठवडे जातात. ग्रंथालयाला यादी सत्राच्या महिनाभर आधी हवी ती यासाठी. “पण हे कॉपीराइटमध्ये बसतं का?” हा प्रश्न हटकून येतो. २०१३ साली झालेला माराकेश करार नेमका यासाठीच आहे. त्यात सामील देशांतल्या अधिकृत संस्थांना हक्कधारकाची परवानगी न घेता छापील पुस्तकाची सुलभ प्रत करता येते आणि दुसऱ्या सदस्य देशाकडे पाठवताही येते. अंधांबरोबर डिस्लेक्सिया असलेले आणि पुस्तक हातात धरता न येणारेही त्यात धरले आहेत. मात्र ती प्रत त्या विद्यार्थ्यासाठी असते. वर्गाच्या ग्रुपवर टाकायची नसते.

व्हिडिओला उपशीर्षकं हवीत. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं गप्पांना बरी चालतात, पण नेमकी विषयाची परिभाषा आणि माणसांची नावं आली की गडबडतात. एकदा दुरुस्त करून ठेवा, पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतात.

वर्गात

तोंड वर्गाकडे ठेवा. ओठ वाचणं मुळातच अवघड आहे. ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ हे शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा, ओठांवर जवळपास सारखेच दिसतात. वाचणारा उरलेल्या वाक्यावरून अंदाज बांधत असतो. तुम्ही फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोललात की तेवढं वाक्य त्याच्यासाठी झालंच नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला तर उत्तराआधी प्रश्न मोठ्यानं पुन्हा सांगा. “माझा आवाज मोठा आहे, माइक कशाला” असं म्हणणारे प्राध्यापक सगळीकडे भेटतात. माइक वापरा. श्रवणयंत्र घोंगाटही वाढवतं. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळचा माइक बोलणं त्यातून वेगळं काढतो.

अंध विद्यार्थी असेल तर ‘हे इथे, ते तिथे’ बंद करा. “आता हा भाग या बाजूला नेला” याऐवजी “तीन एक्स उजव्या बाजूला नेले, चिन्ह बदललं” असं म्हणा. बाकीच्या वर्गाच्या वह्याही सुधारतात असा माझा अनुभव आहे.

सांकेतिक भाषेचा दुभाषी येणार असेल तर त्यालाही नोट्स आधी द्या, कारण विषयातल्या अनेक संज्ञांना ठरलेल्या खुणाच नसतात. विद्यार्थी आणि दुभाषी मिळून त्या ठरवून घेतात. दुभाषी तुमच्याजवळ उभा राहू दे, म्हणजे दोघंही एका नजरेत येतील. लांबलचक तासाला दोन दुभाषी लागतात आणि ते साधारण २० मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. सतत भाषांतर करताना मेंदू आणि हात दोन्ही थकतात. उपशीर्षकं आहेत म्हणून दुभाषी नको, असा हिशेब करू नका.

स्वमग्न किंवा लक्ष टिकवण्यात अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त छळतो तो आपला मोघमपणा. “पुढचं प्रकरण बघून ठेवा.” बघून ठेवा म्हणजे चाळायचं, वाचायचं की लिहून आणायचं? काम लेखी द्या, तारीख द्या, बदल झाला तर आधी सांगा. मध्येच उठून बाहेर जायची मुभा ठेवा आणि जाणाऱ्याकडे बघून थांबू नका.

बाकी वागण्याच्या गोष्टी थोडक्यात. पांढरी काठी घेतलेल्या माणसाचा हात धरून ओढू नका. विचारा, आणि हो म्हणाला तर आपलं कोपर पुढे करा, तो ते धरून अर्धं पाऊल मागून चालेल. जवळ गेलात की आपलं नाव सांगा, निघताना निघतोय असं सांगा. व्हीलचेअरला न विचारता हात लावू नका. तोतरं बोलणाऱ्याचं वाक्य त्याच्या आधी पूर्ण करू नका, तोंडी परीक्षेत तर मुळीच नाही.

प्रयोगशाळा आणि अभ्यासदौरा

इथे सर्रास होतं ते असं: जोडीदार प्रयोग करतो, दिव्यांग विद्यार्थी शेजारी बसतो, आणि वहीत दोघांचं निरीक्षण सारखं. हात दुसऱ्याचे असले तरी चालतात, निर्णय त्याचे हवेत. काय मिसळायचं, किती, कधी थांबायचं, हे त्यानं सांगायचं आणि जोडीदारानं तेवढंच करायचं. बोलणारा तापमापक, सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा लावून मोठ्या पडद्यावर दाखवलेलं चित्र, उंची कमीजास्त होणारं टेबल, उठावाच्या रेषांची आकृती, ही साधनं एकदा घेतली की टिकतात. दौऱ्याची जागा ठरवण्याआधी वाट आणि स्वच्छतागृह बघून या. जागा अडचणीची निघाली तर जागा बदला. एकट्यालाच “तू घरी बसून अहवाल लिही” असं सांगू नका.

परीक्षा

हिची तयारी सत्राच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. आधी स्वतःला विचारा: या पेपरात मी काय तपासतोय? इतिहासाच्या पेपरात हाताचा वेग तपासायचा नसतो, मग जादा वेळ दिल्यानं कोणाचंच काही बिघडत नाही. लघुलेखनाच्या परीक्षेत मात्र वेगच तपासायचा असतो. बहुतेक वाद हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

लेखनिक हा वाटतो त्यापेक्षा नाजूक विषय आहे. त्याला विषय येत असेल तर शंका घेतली जाते, मुळीच येत नसेल तर ‘प्रकाशसंश्लेषण’ कसं लिहायचं इथपासून सुरुवात. दोघांची पेपराच्या आधी गाठ घालून द्या आणि जुन्या प्रश्नपत्रिकेवर तासभर सराव करू द्या. सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे: मागे काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं, वाक्य तोंडी रचायचं, खोडायचं असेल तर कुठून कुठपर्यंत ते सांगायचं. लेखनिक आयत्या वेळी आला नाही तर कोण, हे नाव कागदावर हवं.

संगणकावर पेपर द्यायचा असेल तर तो संगणक आदल्या दिवशी विद्यार्थ्यानं स्वतः चालवून बघावा. हेडफोन लागतो का, मराठी आवाज आहे का, कीबोर्ड त्याच्या सवयीचा आहे का, लिहिलेलं कुठे साठवलं जातं. परीक्षा विभागाचा तंत्रज्ञ “सगळं चालू आहे” म्हणेल, पण तो डोळ्यांनी बघून सांगत असतो.

जादा वेळेचाही हिशेब मांडा. जिथे तासामागे २० मिनिटं जादा मिळतात तिथे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. एका दिवशी दोन पेपर असले तर आठ तास, तेही कोणाला तरी सांगत किंवा कान लावून ऐकत. मध्ये थांबायला, खायला, औषध घ्यायला वेळ आहे का? खोली शांत आहे का? दोन लेखनिक एका खोलीत बसवले तर दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळतात.

हे सगळं मुख्य परीक्षेला होतं आणि वर्गातल्या दहा मिनिटांच्या चाचणीला मात्र विसरलं जातं. ऑनलाइन प्रश्नमंजूषेला घड्याळ लावताना प्रत्येकासाठी वेळ वेगळी ठेवता येते का ते आधी बघून ठेवा. आकृतीवरच्या प्रश्नाला पर्यायी प्रश्न पेपर काढतानाच काढा, तितक्याच काठिण्याचा. आणि कणव म्हणून गुण वाढवू नका. विद्यार्थ्याला ते कळतं, आणि पुढे त्याच्या खऱ्या गुणांवरही लोक संशय घेतात.

आग लागली, झटका आला

आगीत लिफ्ट वापरत नाहीत, म्हणजे वरच्या मजल्यावरचा व्हीलचेअरवरचा विद्यार्थी कुठे थांबेल आणि त्याला बाहेर कोण काढेल हे नावानिशी ठरलेलं हवं. घंटा कर्णबधिरांना ऐकू येत नाही. लुकलुकणारा दिवा नसेल तर त्याला सांगायचं काम शेजारच्याकडे द्या. अपस्माराचा झटका आला तर आजूबाजूचं सामान बाजूला करा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, वेळ बघा, झटका ओसरला की कुशीवर वळवा. दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटांच्या वर चालला तर लगेच रुग्णवाहिका.

“बाकीच्यांवर अन्याय होतो”

हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकायला मिळेलच. वाद घालत बसण्यापेक्षा आधार सांगा. संयुक्त राष्ट्रसंघाचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ सालचा. त्याचं कलम २४ शिक्षणाचं आणि त्यात उच्च शिक्षण स्पष्टपणे धरलेलं आहे. संस्थेवर न पेलणारा बोजा न पडता एका व्यक्तीसाठी जो आवश्यक बदल करता येतो, त्याला तिथे वाजवी सोय म्हटलंय, आणि ती नाकारणं हाही भेदभावच मानला आहे. सोय द्यायची की नाही हे प्राध्यापकाच्या मर्जीवर नसतं. एखादी मागणी खरंच पेलणारी नसेल तर नकार लेखी द्या, कारणासकट, आणि त्याच कागदावर दुसरा पर्याय लिहा.

सोयी कशा असाव्यात हे वापरणाऱ्यालाच जास्त कळतं, याचं जुनं उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथलं. पोलिओमुळे मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर निकामी झालेला एड रॉबर्ट्स १९६२ साली तिथे दाखल झाला. वसतिगृहात त्याचं लोखंडी श्वसनयंत्र ठेवता येईना, म्हणून त्याची राहायची व्यवस्था विद्यापीठाच्या रुग्णालयात झाली. पाठोपाठ तसे आणखी विद्यार्थी आले, आणि पुढे त्यांनीच दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम उभा केला. मदतनीस शोधून देणं आणि बिघडलेल्या व्हीलचेअर दुरुस्त करणं ही त्यातली कामं. कोणत्याही समितीला आधी रॅम्प सुचतो. व्हीलचेअरचं चाक परीक्षेच्या आदल्या रात्री मोडतं, हे फक्त व्हीलचेअरवाल्यालाच सुचतं. तुमच्या कक्षाच्या समितीत दोन तरी दिव्यांग विद्यार्थी घ्या, तेही मत देण्याच्या अधिकारासह.

मध्यावर एकदा, शेवटी एकदा

पहिल्या चाचणीनंतर आठवड्याभरात ते पान पुन्हा काढा. कोणती ओळ पाळली गेली, कोणती नाही, कोणाकडून, हे विद्यार्थ्याकडून ऐका. नोट्स नेहमी तासानंतर येत असतील तर त्या प्राध्यापकाशी तुम्ही बोला. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्याशी भांडायला विद्यार्थ्याला पाठवू नका. वर्गमित्रांपैकी मदत करणारे असतील तर त्यांच्यावर किती भार पडतोय तेही विचारा. एकाच मैत्रिणीवर सगळं पडलं असेल तर तिचाही अभ्यास बुडतो आणि मैत्रीही अवघडते. वाचून दाखवणाऱ्यांना मानधन किंवा श्रेयांक देता येतात का, हे कार्यालयात विचारून ठेवा.

सत्र संपलं की दुरुस्त केलेल्या फायली, उपशीर्षकं आणि आकृत्यांची वर्णनं विभागाच्या सामाईक फोल्डरमध्ये टाका, नाव आणि तारीख घालून. ते एक पान पुढच्या सत्राच्या प्राध्यापकांकडे जाईल, पण पाठवण्याआधी विद्यार्थ्याला दाखवा. त्यातली एखादी ओळ त्याला आता नको असेल, एखादी नवी घालायची असेल.